बर्वे मॅडम आणि नववीचे दोन चौकोन

इंदुरात पोलोग्राउंडच्या कारखान्यांमागं जी सरकारी मिडल शाळा आहे, ती आठवीला संपते. नववीसाठी पोरांना कृष्णपुऱ्याकडच्या मोठ्या शाळेत जावं लागतं. मधलं अंतर फार तर दोन-अडीच किलोमीटर, पण तेवढ्यात दरवर्षी पाच-सात पोरं गळायची. रस्ता चुकून नाही. नववीत नाव घालायची, दिवाळीपर्यंत कशीबशी जायची आणि मग घरीच बसायची. कुणी इंग्रजीला भिऊन, कुणी गणिताला. आणि कुणी अशा कारणासाठी की ऐकून मोठ्या माणसाला हसूच यावं.

बर्वे मॅडमना मात्र हसू यायचं नाही. नोकरीच्या सुरुवातीला एक मुलगी अशीच घरी बसली, तेव्हा त्या तडक तिच्या घरी गेल्या. मुलगी बोलेना. शेवटी तिच्या आईनं सांगितलं, की एवढ्या मोठ्या शाळेत मुलींचं बाथरूम कुठं आहे हे तिला ठाऊक नाही, विचारायची लाज वाटते, म्हणून दिवसभर पाणी पीत नाही आणि मग चक्कर येते. मॅडम घरी आल्या त्या संतापानं लाल होऊन. राग मुलीवर नव्हता, स्वतःवर होता. तीन वर्षं पोरीला समीकरणं शिकवली आणि एवढी साधी गोष्ट सांगायची राहिली!

तेव्हापासून दरवर्षी एप्रिलमध्ये, आठवीचा निकाल लागला की मॅडम पदर खोचून निघायच्या. सगळा वर्ग दोन-दोनच्या रांगेत, पुढं मॅडम, नदीकाठच्या जुन्या समाधी-छत्र्यांवरून मोठ्या शाळेत. तिथं गेल्यावर वर्ग-बिर्ग नंतर. आधी पाण्याची टाकी, मग बाथरूम, मग ऑफिसची खिडकी. "ह्या खिडकीशी जाऊन प्रत्येकानं काहीतरी विचारायचं," असा हुकूम. काय विचारायचं? काहीही. किती वाजले ते विचारा. खिडकीतले बाबू दरवर्षी वैतागायचे. पन्नास पोरं एकामागून एक "सर, टाइम क्या हुआ?" विचारणार म्हटल्यावर कोण नाही वैतागणार? पण मॅडमच्या तोंडाला लागायची त्यांची छाती नव्हती.

मॅडमचं तोंड म्हणजे तोंडच होतं. पणजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी इंदुरात आले आणि इथलेच झाले. वडील रेल्वेत गार्ड. त्या शिट्टीचा थोडा अंश लेकीच्या आवाजात उतरला होता असं शाळेतले लोक म्हणत. मराठी पोरांशी मराठीत, बाकीच्यांशी हिंदीत आणि फळ्यासमोर स्वतःशीच बोलत त्या चौतीस वर्षं गणित शिकवत राहिल्या. हेडमास्तर आले नि गेले, पण आठवीच्या पोरांचे नववीचे फॉर्म भरून घ्यायचं काम कुणी मॅडमच्या हातून काढून घेतलं नाही. घेणार कोण? घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं असलं ते काम.

फॉर्म भरायची त्यांची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीपायी त्या आसपासच्या शाळांच्या अख्ख्या संकुलात बदनाम होत्या. बाकी शाळांत फॉर्म एका दिवसात भरून होत. मास्तर फळ्यावर लिहून देत, पोरं उतरवत. मॅडमकडं दोन आठवडे लागत. प्रत्येक फॉर्मची आधी झेरॉक्स. ती शिसपेन्सिलनं भरायची. कुठली भाषा, कुठला व्यवसायाचा विषय, कुठलं गणित, जे घ्यायचं त्याच्यासमोर समासात कारण लिहायचं. तो कागद घरी नेऊन मोठ्यानं वाचायचा, चार दिवस ठेवायचा, मग परत आणायचा. "फ्रेंडने लिया" असं कारण दिसलं की कागद परत. "सरल है" असं दिसलं की विचारायच्या, "कशावरून सरल? वाचलंस का पुस्तक?" आणि नववीचं पुस्तक समोर आपटायच्या. पण एक गोष्ट त्या कधीच करत नसत. कुठला विषय घे, हे त्या सांगत नसत. पोरं विचारून विचारून थकायची, पालक हात जोडायचे, "आप ही बता दो मॅडमजी." मॅडम ओठ मिटून बसायच्या. एवढी बोलकी बाई नेमकी तिथं मुकी का होते, हे कुणाला कळत नसे.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मॅडमचं तोंड पोळलं होतं बावीस वर्षांपूर्वी.

आशिष मोहिते नावाचा मुलगा. त्यांचाच विद्यार्थी, हसरा, हिशेबाला चपळ. दहावी झाल्यावर अकरावीचा फॉर्म घेऊन तो मॅडमच्या घरी आला होता. जुने विद्यार्थी तसे यायचेच. त्याच्या मनात आयटीआयचं होतं. मॅडमनी ते ऐकून घेतलं नाही. त्यांच्या माहेरी-सासरी हुशार मूल म्हणजे गणित, यात शंका घ्यायची रीतच नव्हती. गणित सोडलं म्हणजे पोराचं काहीतरी बिघडलं, असंच त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. त्यांनी त्याच्या हातातला फॉर्म घेतला, आपलं शाईचं पेन उघडलं आणि विषयाच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात 'गणित' लिहून टाकलं. वर पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "तुला जमेल रे."

आशिष अकरावीत दोनदा नापास झाला. मग शाळाच सुटली. पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये तो लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, लागला हे मॅडमना दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तो परत कधी घरी आला नाही. त्या दिवसापासून मॅडमच्या हातात पेन्सिल आली आणि तोंडाला कुलूप.

आता काय योग असतात बघा. मॅडमच्या नोकरीचं शेवटचं वर्ष, एप्रिलअखेर निवृत्ती, आणि आठवीच्या वर्गात पहिल्या बाकावर ईशा आशिष मोहिते.

ईशाला हुशार म्हणणं म्हणजे तिच्यावर अन्याय होईल. हुशार पोरं उत्तर लिहून मोकळी होतात. ईशा अडून बसायची. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का होतो, हे मॅडमनी शिकवलं तेव्हा वर्गानं माना डोलावल्या. ही एकटी तीन दिवस मान डोलवेना. "मॅडम, नियम आहे ते समजलं. पण असं का?" तिसऱ्या दिवशी मॅडम घरी पोळ्या लाटता लाटता उत्तर शोधत होत्या. एक पोळी त्यात करपली. त्यांना इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मोठ्या शाळेच्या फॉर्मवर अलीकडं गणितासमोर दोन चौकोन आले होते. एक बेसिक, एक स्टँडर्ड. बेसिक घेतलं की नववी-दहावी हलकी जाते. पण पुढं अकरावीत गणित घ्यायचं म्हटलं तर ती वाट जवळजवळ बंद. पोरांना एवढं पुढचं दिसत नाही. ईशाला दिसत होतं. तरी तिच्या झेरॉक्सवर बेसिकच्या चौकोनात बरोबरची खूण होती, आणि समासात कारण एकाच शब्दात. 'पप्पा.'

"हे काय कारण झालं?" मॅडमनी विचारलं.

ईशा म्हणाली, "मॅडम, मला तर स्टँडर्ड पाहिजे होतं. पण पप्पांना टेन्शन येतं. ते बोलले, आपल्या घरात मॅथ्सचं नाव नको. मी जास्ती बोलले तर ते जेवत नाहीत नीट."

आणि ती मॅडमकडं बघत राहिली. एक शब्द बोला, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. मॅडमनी कागद घडी करून तिला परत दिला. "चार दिवस आहेत अजून," एवढंच म्हणाल्या.

ते चार दिवस मॅडमनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. ज्या पोरीसाठी चौतीस वर्षं फळा झिजवला, तिचं गणित डोळ्यांदेखत बंद होत होतं. 'घे' म्हणावं, तर बापाचं जे केलं तेच लेकीचं. न म्हणावं, तर नियम पाळला म्हणून स्वतःची पाठ थोपटायची आणि पोर गेली वाया. इकडं आड, तिकडं विहीर. चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्यांनी स्कूटर काढली आणि पोलोग्राउंडला गेल्या.

वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. आत आशिष लेथवर वाकला होता. केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं, पण मान कलती ठेवून बघायची लकब तीच. मॅडम उभ्या राहून बघत राहिल्या. त्याला एका दांड्याला उतार द्यायचा होता, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. त्यानं दोन मापं घेतली, ओठ हलवून काहीतरी पुटपुटला आणि कोन लावला. कागद नाही, पेन नाही. मॅडमनी मनातल्या मनात तेच करून बघितलं. त्यांना वेळ लागला.

"अरे मॅडम!" त्यानं मशीन बंद केलं. हात पुसायला चिंधी सापडेना, तेव्हा शर्टालाच पुसले. खुर्ची ओढली, ती फुंकरली, चहाला सांगतो म्हणाला. "ईशाचं काही?"

"ईशाचं नंतर. आधी माझं." मॅडम बसल्या नाहीत. "आशिष, तुझ्या फॉर्मवर मी गणित लिहिलं होतं. तुला न विचारता. बावीस वर्षं मला ते टोचतंय. माझं चुकलं रे. माफी मागायला आलेय."

आशिष चक्क हसला. "काय बोलताय मॅडम! तुम्हाला वाटतं, मी त्याच्यामुळे फेल झालो?"

"मग?"

"मी तर जाम खूश होतो. पूर्ण मोहल्ल्यात सांगत फिरलो, की मॅडमनी खुद्द आपल्या पेननी माझ्यासाठी मॅथ्स टाकलं." त्यानं लेथच्या कडेचा चुरा हातानं झटकला. हसू हळूहळू उतरलं. "गडबड नंतर झाली. ऑगस्टपासून काही समजेनाच. सर पुढं पुढं जायचे, मी मागं मागं. चार-पाच वेळा तुमच्या गल्लीपर्यंत आलो होतो, मॅडम. तुमची स्कूटर बाहेर दिसायची. म्हणजे तुम्ही घरीच. थोडा वेळ थांबायचो, मग वापस."

"अरे, मग आत का नाही आलास?" मॅडमचा आवाज चढला. "मी काय खाल्लं असतं तुला?"

"तुम्ही बोलला होतात ना, तुला जमेल. मग नाही जमत, हे कोणत्या तोंडानं सांगणार?"

मॅडम खुर्चीवर बसल्या.

बावीस वर्षं त्यांनी पहारा दिला होता, तो भलत्याच दारावर. पेन्सिल, झेरॉक्स, मिटलेले ओठ, सगळं विषय निवडण्यापुरतं. निवडल्यानंतर पोरगं अडलं तर ते कुठं जाईल, याचा विचारच केला नव्हता. बाथरूम दाखवलं, खिडकी दाखवली, नाही जमलं तर यायचं म्हणून स्वतःचं घर दाखवायचं तेवढं राहिलं. आणि गल्लीत पोरगं उभं राहून परत जात होतं, तेव्हा आपण आत बसून बहुतेक कुणाच्या तरी वह्या तपासत असू. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

"आता ईशाचं," त्या म्हणाल्या. "तिला स्टँडर्ड हवंय. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणूनच तर नाही म्हणतो." आशिषनं मान खाली घातली. "ती माझ्यासारखी गुपचूप बसली तर? मला समजणारपण नाही. मी तिला काय शिकवणार?"

"आत्ता तो कोन कसा काढलास?"

"तो असाच. अंदाज बसला आहे."

"तो अंदाज नाही, गाढवा. दहावीच्या पुस्तकात त्याच्यावर अख्खा धडा आहे." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "सोमवारी ये तिच्याबरोबर. सही तुझीच लागते. नाही म्हणायचं असेल तर तसं येऊन सांग."

सोमवारी दोघं आली. वर्ग रिकामा होता. मॅडमनी ईशाला समोर बसवलं आणि बावीस वर्षांत कुठल्याही पोराला जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"माझं मत विचारत होतीस ना? मला वाटतं तू स्टँडर्ड घ्यावं. हे माझं मत. निवडायचं तू, सही पप्पांची. आणि दुसरं ऐक. तुला ते जमणार नाही."

ईशाचा चेहराच उतरला. आशिषही चमकून बघायला लागला.

"काही दिवस जमणार नाही," मॅडम म्हणाल्या. "शाळा सुरू झाली की महिन्या-दोन महिन्यांत एक दिवस असा येईल, की फळ्यावरचं काही म्हणता काही समजणार नाही. सगळ्यांना समजतंय आणि मीच तेवढी ढ, असं वाटेल. तो दिवस येणारच, मलाही आला होता. तो आला की माझ्या घरी यायचं. मी इथं नसेन, पण घरी असेन. जमलं म्हणून सांगायला आलीस तर चहा मिळेल. नाही जमलं म्हणून आलीस तर जेवूनच जायचं."

ईशानं बापाकडं बघितलं. आशिष बाकावर अंगठा घासत बसला होता. मग म्हणाला, "टाक बेटा. स्टँडर्डच टाक. पण एक शर्त आहे माझी. नाही समजलं की त्याच दिवशी मॅडमकडं. मी आणून सोडीन. मला नाही सांगितलंस तरी चालेल, पण त्यांना सांगायचं." आणि त्यानं सही केली.

एप्रिलअखेर निरोप-समारंभ झाला. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. हेडमास्तरांनी मॅडमच्या शिस्तीचं कौतुक केलं. मॅडम जांभई दाबत बसल्या होत्या. त्याच आठवड्यात त्यांनी वर्गातल्या सगळ्या एकोणपन्नास पोरांना आपलं घर दाखवलं होतं. तिघातिघांच्या टोळ्या करून आणलं, पोहे दिले, वर जीरावणाचा मसाला घातला, बेल वाजवून बघायला लावली. नवरा म्हणाला, "अगं, बेल खराब होईल." मॅडम म्हणाल्या, "झाली तर नवी बसवू."

मे गेला. जूनमध्ये शाळा उघडल्या. मॅडमना दिवस खायला उठायचे. बेल वाजायची ती दूधवाल्याची नाहीतर गॅसवाल्याची. दोन मुली एकदा येऊन गेल्या, सगळं मजेत आहे म्हणाल्या, चहा पिऊन गेल्या. ईशा आली नाही. मॅडम स्वतःला समजावायच्या, की पोरीचं बरं चाललंय, चांगलंच आहे की. आणि दुसरं मन म्हणायचं, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी कुणी उभं नाही ना, जाऊन बघ एकदा. त्या खरंच दोन-तीनदा भाजीची पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आल्या. पिशवी रिकामीच.

जुलै संपत आला तेव्हा एका संध्याकाळी बेल वाजली. दारात ईशा. नवा युनिफॉर्म, वेण्या विस्कटलेल्या, डोळे सुजलेले. रडून आली होती हे सांगायला नको. हातात चाचणीचा पेपर होता. पंचवीसपैकी सहा.

"मॅडम," ती म्हणाली, "नाही जमलं."

चौतीस वर्षांच्या नोकरीत मॅडमनी शंभरापैकी शंभर पाडणारी पोरं पाहिली होती. त्यांचे पेढे खाल्ले होते, पेपरात फोटो पाहिले होते. पण त्या सहा मार्कांच्या पेपरानं जेवढा जीव भरून आला, तेवढा कशानंच आला नव्हता. पोर आली होती. रडली, लाजली, बापाला कसं तोंड दाखवू म्हणून कुढली असेल, पण आली होती, आणि बेल वाजवली होती.

"ये आत," मॅडम म्हणाल्या. "वरणभाताचा कुकर लावलाय."

मग त्यांनी बाहेर बघितलं. गल्लीत, दिव्याच्या खांबाखाली, आशिष मोटरसायकलवर बसला होता. एक पाय जमिनीवर, हेल्मेट डोक्यातच, कामाचा कळकट शर्ट. लेकीला आत जाताना बघितलं आणि तो किक मारायला उठला.

"आशिष!" मॅडमचा आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला. "निघालास कुठं?"

"मी जातो ना मॅडम. तासाभरानं येईन घ्यायला."

"तू पण ये आत."

"मी? मी काय करू?"

"तुला अकरावीत ऑगस्टपासून समजेनासं झालं होतं ना?" मॅडमनी दार पूर्ण उघडलं. "काय समजलं नव्हतं ते सांग, तिथून सुरू करू."

आशिषनं हेल्मेट काढलं, गाडी स्टँडला लावली, दाराशी चपला काढल्या आणि ईशाच्या शेजारी जाऊन बसला.